बंदूक, कुंकू आणि अनधिकृत व्यक्ती

बंदुका बनवणाऱ्यांनी एक माणूस गृहीत धरलेला असतो. तो सहा फूट उंच असतो, त्याची मान लांब, हात त्याहून लांब आणि गालाची हाडे वर आलेली असतात. त्याचे आजोबाही बंदूक चालवत असावेत, असेही बहुधा गृहीत धरलेले असते. मी पाच फूट चार इंच उंचीचा, आखूड हातांचा आणि गुबगुबीत गालांचा मराठी अस्थिशल्यचिकित्सक होतो. आणि माझे आजोबा शाळेत संस्कृत शिकवत. बाजारातली एकही बंदूक माझ्या खांद्याला बसत नसे, आणि दुकानदार मात्र दोष माझ्या खांद्यात शोधत.

या खेळात मी पडलो तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका सहकाऱ्यामुळे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बाहेर, शेजारच्या काउंटीत आम्ही राहत होतो. तिथल्या एका शेतात रविवारी सकाळी मंडळी जमत. यंत्रातून मातीची तबकडी सुटते, आकाशात तिरकी निघून जाते आणि ती जमिनीवर येण्यापूर्वी छर्ऱ्यांनी फोडायची, इतकाच हा खेळ. कोणी मरत नाही, कशाला रक्त येत नाही. पहिल्याच रविवारी माझी एक तबकडी फुटली आणि काळ्या धुळीचा एक लहानसा ढग हवेत राहिला. त्या ढगाने मला जे दिले, ते इस्पितळाने कधीच दिले नव्हते. तोपर्यंत कन्सल्टंटच्या, म्हणजे इथल्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरच्या, जागेसाठी मी अनेक मुलाखत समित्यांपुढे बसलो होतो. प्रत्येक समितीने माझ्या कामाची तोंडभर स्तुती केली आणि जागा मी ज्याला शिकवले अशा कोणाला तरी दिली. तबकडी फुटते किंवा फुटत नाही. तिच्यापुढे समिती बसत नाही, आणि "उमेदवार उत्तम आहे, पण आमच्या टीममध्ये बसेल का?" असा प्रश्न ती विचारत नाही. मला रविवार हवा होता, आणि तो मी कोणाच्या मेहेरबानीवर सोडणार नव्हतो.

मी घेतलेली बंदूक पंप पद्धतीची होती. एकच नळी, तिच्याखाली काडतुसांची दुसरी नळी, आणि प्रत्येक बार उडाल्यावर पुढची लाकडी मूठ मागे ओढून पुन्हा पुढे ढकलायची. क्लबात बाकी सगळ्यांकडे एकावर एक दोन नळ्यांच्या, नक्षीकाम केलेल्या बंदुका होत्या. माझी बंदूक पाहताच लष्करातून निवृत्त झालेले एक सभासद मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, ही बंदूक आहे की सायकलचा पंप?"

मी म्हणालो, "सर, पंपच आहे. तुमच्या तबकड्या हुकल्या की तुमच्यात हवा भरायला आणला आहे."

मंडळी हसली. त्या लष्करी गृहस्थांच्या चेहऱ्यावर मात्र हसू आले नाही. पुढच्याच महिन्यात क्लबाच्या समितीने पंप बंदुकांना मैदानावर बंदी घालणारा ठराव मांडला. मी क्लबाची घटना मागवून वाचली. सभासदांच्या सभेखेरीज असा नियम करण्याचा समितीला अधिकारच नव्हता, हे मी त्यांना कलमाच्या क्रमांकासह लिहून कळवले. ठराव मागे घेतला गेला. त्या दिवसापासून माझ्याशी कोणी हवामानाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलले नाही, आणि मला ते चालत होते.

बंदूक माझ्या मापाची करण्याचे काम मी स्वतः केले. कोपराच्या बेचक्यापासून चापावरच्या बोटापर्यंतचे अंतर मोजले, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याचे मागचे टोक कापून आखूड केले आणि त्यावर रबराची जाड गादी बसवली. गाल जिथे टेकतो ती जागा माझ्यासाठी फार खाली होती; डोळा नळीच्या रेषेत येतच नसे, आणि सगळे बार तबकडीच्या खालून जात. इथे माझा धंदा उपयोगी पडला. मी प्लास्टरची पट्टी भिजवून दस्त्यावर गुंडाळली, ती ओली असतानाच गाल टेकवून बसलो आणि तिला माझ्या हाडांचा आकार घेऊ दिला. मग रविवारी त्या प्लास्टरवरच नेम धरून पाहिला, पुन्हा एक थर चढवला, पुन्हा पाहिला. उंची नेमकी जमल्यावर त्या मापाचे अक्रोडाचे लाकूड कोरून बसवले आणि आठवडेच्या आठवडे तळहाताने तेल चोळले. हे सगळे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. पत्नी पोळ्या लाटता लाटता म्हणे, "अहो, इस्पितळात पेशंट कमी पडतात का? आता लाकडाचेही पाय प्लास्टरमध्ये घालता?"

नळीच्या तोंडाचे काम मात्र बर्मिंगहॅममधल्या एका कारागिराकडून करून घेतले. तोंडाला आतून आटे पाडले, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या तबकड्यांसाठी वेगवेगळ्या मापाचे चोक, म्हणजे तोंड अरुंद करणारी नळकांडी, बदलता येत. मूठ ज्या दांड्यांवर सरकते त्या मी घासून इतक्या गुळगुळीत केल्या की दुसरी तबकडी सुटायच्या आत दुसरे काडतूस जागेवर बसे. दोन तबकड्या एकदम सोडल्या की मंडळी थांबून बघत. बोलत नसत, पण बघत.

नंतर देशात एका माणसाने बंदुका घेऊन भर दिवसा निरपराध माणसे मारली आणि कायदा बदलला. मी हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे येते त्यावरून कोणाचा गैरसमज होऊ नये: तो कायदा योग्य होता. बंदुकीच्या जखमा मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिलेल्या आहेत. छर्रे हाडात शिरले की काय होते हे सांगायला मला वर्तमानपत्र लागत नाही. अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या कायद्यानुसार माझ्या बंदुकीची काडतुसांची नळी दोनपेक्षा जास्त काडतुसे मावणार नाहीत अशी कायमची बंद करून घ्यावी लागली, आणि तसा अधिकृत छापही तिच्यावर मारून घ्यावा लागला. मी पहिल्या सवडीला ते केले. लोखंडी कपाट भिंतीत बोल्ट मारून बसवले. क्लबातले ते लष्करी गृहस्थ सरकारला शिव्या देत बसले होते तेव्हा माझे सगळे कागद पूर्ण होते. कायदा पाळण्याचा मला अभिमान होता. आजही आहे.

फक्त किल्ली. आमच्या घरात कुठलीच किल्ली माझ्याकडे नसे. किल्ल्यांचा जुडगा पत्नीचा. तो तिच्या कमरेला असे. पुढे ती पँट घालून लायब्ररीत नोकरीला जाऊ लागली तेव्हा तो तिच्या पर्समध्ये गेला. घराची, गॅरेजची, दागिन्यांच्या डब्याची, तिच्या सासूने दिलेल्या पितळी पेटीची, सगळ्या किल्ल्या त्यात होत्या. मी किल्ल्या हरवतो, हे आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातच सिद्ध झाले होते. बंदुकीच्या कपाटाची किल्ली आली तीही साहजिकच तिने त्या जुडग्यात ओवली. रविवारी सकाळी मी हात पुढे करी, ती किल्ली देई, संध्याकाळी मी परत करी. यात काही विचार करण्यासारखे आहे हे आम्हा दोघांपैकी कोणाच्या मनातही आले नाही. मला वाटते, इथल्या निम्म्या मराठी घरांत तेव्हा असेच असेल.

खंडेनवमीला ती घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करी. माझी हाडे ठोकायची हातोडी आणि छिन्नी, तिचे शिवणयंत्र, गवत कापायचे मशीन, मोटारीची चावी, आणि बंदूक. दरवर्षी बंदूक मी काढून पुसून देत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी मात्र सकाळीच इस्पितळातून फोन आला. मोटारवेवर अपघात झाला होता आणि मी निघून गेलो. तिने वाट पाहिली, दुपार उलटू लागली, तेव्हा तिने कपाट उघडले, बंदूक रिकामी आहे हे मी शिकवले होते तसे पाहिले, आणि ती पुढच्या खोलीत पाटावर ठेवली. हळद-कुंकू वाहिले, बागेतली पिवळी-केशरी फुले घातली, निरांजन लावले.

पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती. समोरच्या घरातल्या बाई कुत्र्याला फिरवून परत येत होत्या. त्यांना काचेतून दिसले ते असे: जमिनीवर बंदूक, तिच्यावर लाल डाग, भोवती फुले, पुढे जळती वात, आणि एक बाई हात जोडून गुडघ्यांवर बसलेली. बाईंनी काय निष्कर्ष काढला याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण आमच्या दारावरची बेल दाबायला त्यांना वीस पावले चालावी लागली असती, आणि त्या बेलचा उपयोग त्यांनी ख्रिसमसला आमच्याकडून मिठाईचा डबा घेताना अनेकदा केला होता. याबद्दल मी त्यांना आजन्म दोष देईन.

पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. पत्नीने दार उघडले. पुढचे संभाषण तिने मला नंतर इतक्यांदा सांगितले की मी स्वतः तिथे होतो असे वाटते.

"मॅडम, घरात कोणी जखमी आहे का?"

"नाही. का हो?"

"त्या बंदुकीवर काय आहे?"

"कुंकू. हे बघा," असे म्हणून तिने स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवले.

तो पोरगेला कॉन्स्टेबल बराच वेळ तिच्या कपाळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमचे पती कुठे आहेत?"

"इस्पितळात. अपघात झालाय ना मोटारवेवर. आत या, प्रसाद घ्या."

त्याने प्रसाद घेतला. मग त्याने बंदूकही घेतली, फुलांसकट एका पिशवीत घातली आणि पावती दिली.

मी घरी आलो तेव्हा रिकाम्या पाटापुढे निरांजन तेवढे तेवत होते. पत्नी म्हणाली, "अहो, चांगले होते हो बिचारे. साखरफुटाणे आवडले त्यांना."

काही दिवसांनी पोलिसांच्या परवाना विभागाचे पत्र आले. माझे बंदूक बाळगण्याचे प्रमाणपत्र रद्द करण्याचा त्यांचा विचार होता. कारण बंदूक सुरक्षित ठेवली गेली नाही आणि ती "एका अनधिकृत व्यक्तीच्या" हाती होती. हे वाक्य मी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. पत्नी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाटाणे सोलत होती.

"काय लिहिलंय?"

"तू अनधिकृत व्यक्ती आहेस."

"म्हणजे?"

"म्हणजे या घरात."

"बरं," ती म्हणाली आणि सोलत राहिली.

त्या हिवाळ्यात मी जितकी पत्रे लिहिली तितकी आयुष्यात कधी लिहिली नसतील. मुख्य पोलीस अधिकाऱ्याला, खासदाराला, मंत्रालयाला, वर्तमानपत्राला. प्रमाणपत्रावर छापलेली अट मी शब्दशः पाठ केली. बंदूक वापरात असेल, किंवा साफसफाई, दुरुस्ती किंवा वापराशी संबंधित अन्य कारणासाठी बाहेर काढलेली असेल, तर ती कपाटात नसली तरी चालते, असे त्या अटीतच लिहिलेले होते. मग हत्याराची वर्षातून एकदा पुसून, तपासून पूजा करणे हे वापराशी संबंधित कारण नाही काय? ज्या देशात जहाज पाण्यात सोडताना त्याच्यावर शॅम्पेनची बाटली फोडतात, त्या देशाला हे समजावून सांगावे लागावे? खासदाराचे उत्तर आले की त्यांना आमच्या समाजाच्या योगदानाबद्दल नितांत आदर आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. वर्तमानपत्राने पत्र छापले, पण बाटलीचे वाक्य काढून.

मग परवाना विभागाचा एक अधिकारी चौकशीसाठी घरी आला. वयस्क, दमलेला, सौम्य माणूस. त्याने वही उघडण्याआधीच बंद केली आणि म्हणाला, "डॉक्टर, मला हे प्रकरण आजच संपवायचे आहे. तुम्ही त्या वेळी घरात होतात, वरच्या मजल्यावर होतात, इतके लिहून द्या. मग बंदूक तुमच्याच ताब्यात होती असे होईल."

मी म्हणालो, "मी इस्पितळात होतो. माझ्या हातात एका माणसाची मांडी होती."

"ते कोणी तपासणार नाही."

मला जो संताप आला तो आजही शब्दांत मांडता येत नाही. कायदा पाळला जावा म्हणून जो माणूस माझ्यामागे लागायला हवा, तो मला खोटे लिहायला सांगत होता, आणि तेही उपकार म्हणून! मी बोलण्यापूर्वीच पत्नी चहाचा ट्रे घेऊन आली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"हे नव्हते घरात. बंदूक मी काढली. किल्ली माझ्याकडेच असते."

त्याने मान खाली घातली. "नेहमी?"

"नेहमीच. यांच्याकडे दिली तर दुसऱ्या दिवशी सापडणार नाही. चिवडा घ्या ना. तिखट नाहीये."

त्याने वही उघडली. प्रमाणपत्र रद्द झाले.

मी क्राउन कोर्टात, म्हणजे वरच्या न्यायालयात, अपील केले. ज्या वकिलाकडे सल्ला घेतला त्याने पूजेच्या मुद्द्याला "रंजक" म्हटले, तेव्हा मी त्याच्याकडून कागद परत घेतले आणि स्वतः उभा राहिलो. एक न्यायाधीश आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन मॅजिस्ट्रेट, अशा तिघांची आणखी एक समिती माझ्यापुढे बसली होती. पण हे खरे की त्यांनी ऐकले. दस्ता का कापला, प्लास्टर का चढवले, नळी कशी बंद केली, खंडेनवमी म्हणजे काय, सगळे ऐकले. आणि न्यायाधीश म्हणाले की हत्याराची पूजा हे वापराशी संबंधित कारण आहे, हा माझा युक्तिवाद त्यांना मान्य आहे. ज्या मुद्द्यासाठी मी महिनोन्‌महिने टाइपरायटर बडवला होता तो मी जिंकलो होतो. पोलिसांच्या वकिलाने साधी हरकतही घेतली नाही.

त्याला घेण्याची गरजच नव्हती.

"पण त्या वेळी प्रमाणपत्राचा धारक हजर नव्हता," न्यायाधीश म्हणाले. "आणि किल्ली कायमच तुमच्या पत्नीकडे असे. डॉक्टर, तुम्ही काळजीपूर्वक वागणारे गृहस्थ आहात याबद्दल आम्हाला शंका नाही. यापुढे किल्ली केवळ तुमच्याकडे राहील आणि कुठल्याही अनधिकृत व्यक्तीला, म्हणजे या प्रकरणात तुमच्या पत्नीला, ती मिळणार नाही, अशी हमी तुम्ही दिलीत तर आम्ही अपील मंजूर करायला तयार आहोत."

मी मागे वळून पाहिले. पत्नी पाठीमागच्या बाकावर जाड कोट घालून बसली होती. तिने मान डोलावली. मग तोंडाने, आवाज न करता, म्हणाली, "हो म्हणा."

मागणी वाजवी होती. कायद्याने ती बरोबरच होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच केली असती. ज्या देशात निरपराध माणसे बंदुकीने मेली त्या देशाला किल्ली कोणाकडे आहे हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. हे सगळे मला तिथे उभ्या उभ्या समजत होते. आणि तरीही माझ्यापुढे वाटाणे सोलणारे ते हात आले, आणि ते "बरं".

मी म्हणालो, "माय लॉर्ड" (हे संबोधन त्या न्यायाधीशाला लागू नव्हते, नंतर कळले), "किल्ली मी स्वतःकडे ठेवीन अशी हमी देतो. पण माझी पत्नी माझ्या घरात अनधिकृत व्यक्ती आहे, हे शब्द ज्या हमीत आहेत तिच्यावर मी सही करणार नाही. शब्द बदला."

"हे शब्द कायद्याचे आहेत."

"तर मग कायद्याचे शब्द चुकले आहेत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "डॉक्टर, ही केवळ परिभाषा आहे. त्यात कोणाचा अपमान नाही. मी तुम्हाला पुन्हा एकदा विचारतो."

त्यांनी खरोखरच पुन्हा विचारले, आणि दोन मॅजिस्ट्रेटपैकी एक बाई माझ्याकडे अशा नजरेने पाहत होत्या की मी सही करावी अशी त्यांची मनापासून इच्छा असावी. मी नाही म्हणालो. अपील फेटाळले गेले.

बाहेर पाऊस नव्हता, नुसता गारठा होता. पत्नी माझ्यापुढे कार पार्ककडे चालू लागली. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि मग सुरू झाली.

"काय बिघडलं असतं हो 'हो' म्हणाला असतात तर?"

"तुला कळत नाही. ते तुला—"

"मला काय म्हणाले ते मी ऐकलं. मला इंग्रजी येतं. लायब्ररीत मीच लोकांना म्हणते अनधिकृत, आतल्या खोलीत आले तर. त्यात काय एवढं?"

"हे माझं घर आहे. तुझं घर आहे."

"माझं घर माझंच आहे. त्याला कोर्टाचा छाप लागतो का? तुमच्या त्या नळीला लागत असेल." तिने पर्स मांडीवर घेतली. "मला किल्लीचं काही नव्हतं. एक किल्ली कमी झाली असती तर पर्स हलकी झाली असती. रविवार गेला ना तुमचा. आता रविवारी काय करणार? मला पत्रं वाचून दाखवणार?"

मी गाडी सुरू केली नाही. ती बरोबर बोलत होती, आणि त्यामुळे मला तिचाही राग आला. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला होता: खिडकीसमोरच्या बाईंचा, खोटे सुचवणाऱ्या दमलेल्या अधिकाऱ्याचा, आणि मनाने चांगला असूनही एक शब्द बदलू न शकणाऱ्या न्यायाधीशाचा.

बंदूक पोलिसांकडून थेट एका विक्रेत्याकडे गेली. क्लबातल्याच कोणीतरी ती घेतली, असे त्याने सांगितले. उंच गृहस्थ होते, त्यांनी आधी तो दस्ता पाहिला आणि विचारले, हे कोणासाठी बनवले आहे? मग माझे अक्रोडाचे लाकूड काढून टाकून त्यांनी नवा लांब दस्ता बसवून घेतला. जुना तुकडा हवा असल्यास घेऊन जा, असे विक्रेता फोनवर म्हणाला.

मी गेलो नाही. लाकडाच्या तुकड्याला परवाना लागत नाही, हे मला ठाऊक असूनही.